द्रौपदीकाकींच्या अकरा चकरा

डॉक्टर चंद्रप्रकाश माणगावकरांनी आयुष्यात पुष्कळ कागदांवर न वाचता सह्या केल्या होत्या, पण एका सहीनं त्यांची जेवढी वाट लावली तेवढी बाकीच्या सगळ्यांनी मिळून लावली नव्हती.

पत्र त्यांच्या जुन्या वर्गमित्राचं होतं. तो आता एका मेडिकल कॉलेजात प्रोफेसर होता. ‘आमची एक विद्यार्थिनी तुमच्या दवाखान्यातल्या केसपेपरांचा अभ्यास करू इच्छिते,’ इथपर्यंत डॉक्टरांनी वाचलं आणि त्यांची छाती बुशकोटाच्या बटणांना जड जाईल इतकी फुगली. घाटकोपरच्या भटवाडीत, चढावर, चौतीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस. कोणाला तरी अखेर कळलं होतं. कसला अभ्यास, ते पुढच्या पानावर लिहिलं होतं. पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही.

दर्शना हिवराळेनं उलटलं होतं. ती दवाखान्याची कंपाउंडर, रिसेप्शनिस्ट, फोन उचलणारी आणि पंखा बिघडला की त्याला झाडूनं ढकलणारी. एकोणीस वर्षं तिची जागा त्या औषधांच्या खिडकीत होती. दवाखान्यात येणारा प्रत्येक कागद तिच्या हातातून जायचा आणि ती तो वाचायची. डॉक्टरांना सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण सही झाली होती, आणि डॉक्टर इतके खुश तिनं त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिले नव्हते. राहू दे, म्हटलं.

सोमवारी दुपारी एक वाजता प्रांजल आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची डॉक्टर, पाठीवर लॅपटॉपची सॅक, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

“बस, बस,” डॉक्टर म्हणाले. “कुठून सुरुवात करायची? माझी काविळीची केस घे आधी. एकोणीसशे त्र्याण्णवची.”

“सर, मला गेल्या एका वर्षाचे तीनशे पेपर लागतील. रुग्णसुरक्षेच्या घटना शोधायच्यात.”

“कसल्या घटना?”

“म्हणजे... जिथे उपचारामुळेच पेशंटला त्रास झाला, किंवा होता होता राहिला. चुकीचं औषध, राहून गेलेला रिपोर्ट, असं काही.”

डॉक्टरांनी दर्शनाकडे पाहिलं. दर्शनानं पंख्याकडे पाहिलं.

“माझ्या दवाखान्यात घटना होत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “पेशंट येतो, औषध घेतो, बरा होतो, जातो.”

जातो कुठे, ते कोण बघायला गेलंय, असं दर्शना म्हणाली, पण मनातल्या मनात.

डॉक्टरांनी मित्राला फोन लावला. मित्रानं त्यांना त्यांचीच सही वाचून दाखवली. मग डॉक्टर जेवायला घरी गेले आणि जाता जाता दर्शनाला म्हणाले, “कपाट दाखव तिला. मदत करायची काही गरज नाही.”

हा हुकूम पाळणं कोणालाच शक्य नव्हतं. एक तर केसपेपर नावाप्रमाणे लावलेले नव्हते. ते दर्शनाच्या डोक्याप्रमाणे लावलेले होते. चाळ, मजला, आणि मग जिन्यापासून कितवी खोली. दुसरं म्हणजे डॉक्टरांचं अक्षर. प्रांजलनं पहिला पेपर हातात घेतला, सरळ धरला, उलटा धरला, आणि शेवटी म्हणाली, “ताई, ही कुठली लिपी आहे?”

“आण इकडे,” दर्शना म्हणाली.

असं ते सुरू झालं. दुपारी एक ते चार दवाखाना बंद, पुढचं शटर अर्धं ओढलेलं, आत दर्शना वाचायची आणि प्रांजल टाइप करायची. प्रांजलकडे इशाऱ्यांची एक यादी होती. पेशंट तीन दिवसांत परत आला का, औषध मध्येच बंद केलं का, हॉस्पिटलात पाठवावं लागलं का, पेशंट पडला का, महिन्यात दोनपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या का. यातलं काही दिसलं की तो पेपर बाजूला काढायचा आणि नीट वाचायचा.

“म्हणजे डॉक्टरांच्या चुका शोधायच्या,” दर्शना म्हणाली. तिला आतून गुदगुल्या होत होत्या, नाही असं नाही.

“कोणी चुकलं, ते नाही शोधायचं. काय घडलं ते शोधायचं. नावं मी लिहीतच नाही.”

“नाव नाही, मग मजा काय?”

पण मजा होती. दुसऱ्याच दिवशी हर्षदचा पेपर निघाला. हर्षद म्हणजे नाक्यावरचा फरसाणवाला. कान दुखतो म्हणून आला होता आणि दुसऱ्या दिवशी डोळा टोमॅटोसारखा लाल करून परत आला होता. कानाचं औषध त्यानं डोळ्यात घातलं होतं. दर्शना हे वाचत असतानाच डॉक्टर चष्मा विसरला म्हणून परत आले. (पुढे ते रोज काही ना काही विसरू लागले.)

“ही घटना नाही,” ते दारातून म्हणाले. “हा हर्षद आहे.”

“बाटली बघू?” प्रांजलनं विचारलं.

दर्शनानं खिडकीच्या फळीवरून दोन बाटल्या आणल्या. एक कानाची, एक डोळ्याची. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना निळं झाकण, आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. एकोणीस वर्षं ती फळीवर त्यांना शेजारी शेजारी उभं करत होती.

“हर्षदला त्याच महिन्यात डोळ्याचंही औषध दिलं होतं,” तिनं पेपर पुढे वाचला. “घरी दोन्ही होत्या.”

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या नाकाशी नेऊन पाहिल्या. “लिही,” ते म्हणाले. “पण हर्षदचाही हात होता, तेही लिही.”

त्या संध्याकाळी दर्शनानं कानाच्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावली आणि फळी बदलली. घरी जाऊन नवऱ्याला ही सगळी कथा रंगवून सांगितली. धम्मपाल लिफ्ट दुरुस्त करायचा. तो हसला नाही. “आम्ही तर रोज लिहितो,” तो म्हणाला. “लिफ्ट दोन बोटं खाली थांबली, कोणी पडलं नाही, तरी लिहायचं. माणूस पडल्यावर लिहून काय उपयोग?”

दर्शनाला ते पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहूनच आपली एक चूक सांगून टाकली. साईकृपा चाळीत जयंती नावाच्या दोन बायका, एक तळमजल्यावर, एक तिसऱ्यावर. एकीचा शुगरचा रिपोर्ट दुसरीच्या पेपरात गेला होता. बिचारी खालची जयंती तीन दिवस साखरेशिवाय चहा प्यायली, तोवर दर्शनाच्या लक्षात आलं. प्रांजल हसली, दर्शनाही हसली. कबुली देणं इतकं सोपं असतं असं दर्शनाला वाटलं ते तेव्हा.

गुरुवारी द्रौपदी परबांचा पेपर हाती आला.

द्रौपदीकाकी अडुसष्ट वर्षांच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा सुशांत विमानतळावर सामानाच्या विभागात. काकी दवाखान्यात आल्या की आधी सगळ्या बाकाची विचारपूस करायच्या, मग स्वतःचं दुखणं सांगायच्या. त्यांचा पेपर जाडजूड झाला होता. वरचेवर येतात म्हणून दर्शनाला त्यांच्या फेऱ्या कधी जास्त वाटल्या नव्हत्या. प्रांजलनं मोजलं.

“पाच महिन्यांत अकरा वेळा? ताई, वाचा ना सुरुवातीपासून.”

दर्शना वाचू लागली. बी.पी. वाढलं, पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू. पंधरा दिवसांनी पाय सुजले. परत आल्या, पाय सुजलेलेच, लघवी होऊन पाणी उतरायची गोळी. मग चक्कर. मग चक्करेची गोळी. मग अशक्तपणा, टॉनिक. परत चक्कर, चक्करेची गोळी दिवसातून तीनदा. मग दिवसा झोप येते. मग...

“मग?”

“मग मोरीत पडल्या. उजवं मनगट मोडलं. तीन आठवडे झाले.”

प्रांजलचा हात लॅपटॉपवर थांबला होता. “पाच मिलिग्रॅमवर इतके पाय सुजले? दुसरीकडून काही घेत होत्या का त्या? या पेपरात काहीच नाही.”

पेपरात नव्हतं. दर्शनाच्या डोक्यात होतं. मार्चमधली सकाळ, खिडकीपुढे बारा माणसं, फोन वाजतोय, आणि द्रौपदीकाकी खिडकीतून दोन पाकिटं आत सरकवतायत. गल्लीतल्या मित्रमंडळानं आरोग्य शिबिर घेतलं होतं, तिथे त्यांना बी.पी.ची एक गोळी मिळाली होती. एक ती, एक डॉक्टरांची. “गो दर्शना, ह्यो आणि त्यो एकच काय गो?”

पाकिटांचे रंग वेगळे होते. नावं वेगळी होती. दर्शनानं मान वर न करता सांगितलं होतं, “वेगवेगळ्या आहेत काकी, दोन्ही घ्या.”

“ताई?” प्रांजल म्हणाली.

“मला पाणी पिऊ दे,” दर्शना म्हणाली आणि मोरीकडे गेली. ती तिथे नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. तिला एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसत होती. हे कोणालाच माहीत नव्हतं. काकींच्या तर लक्षातही नसेल. गप्प बसलं तर पेपरात फक्त डॉक्टरांचंच अक्षर होतं, आणि तेही कोणाला वाचता येत नव्हतं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. काकी आज सकाळीही दोन्ही गोळ्या घेऊन बसल्या असतील. उद्याही घेतील.

तिनं नळ बंद केला, बाहेर आली आणि एका दमात सगळं सांगितलं. प्रांजलनं काहीच टाइप केलं नाही. तिनं शिबिरातल्या गोळीचं नाव दर्शनाला आठवायला लावलं आणि कपाटातल्या जुन्या पाकिटांत ते शोधून दाखवलं. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं. दोन कंपन्या, औषध एकच. “शिबिरातली कितीची होती?”

“रंग गुलाबी होता. गुलाबी म्हणजे...” दर्शनानं डोळे मिटले. “दहा.”

“दहा आणि पाच पंधरा. कमाल डोस दहाचा असतो, ताई.”

डॉक्टर पैशाचं पाकीट विसरले म्हणून सव्वातीनला आले ते बरोबर या क्षणी. दर्शनानं त्यांना बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत तिनं त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसायला कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते घाबरून बसले.

ऐकता ऐकता ते लाल झाले. आधी ते शिबिरावर घसरले. “हे शिबिरवाले! टाय लावून गोळ्या वाटतात!” मग केमिस्टवर. मग कंपन्यांवर, ज्या एकाच गोळीला चाळीस नावं ठेवतात. मग सुशांतवर, त्यानं आईकडे लक्ष द्यायला नको? हळूहळू घाटकोपरमधला प्रत्येक माणूस दोषी ठरला. खोलीतले तिघे तेवढे राहिले.

“मला विचारलं होतं काकींनी,” दर्शना म्हणाली. “मी सांगितलं, दोन्ही घ्या.”

डॉक्टर थांबले. आता आपली नोकरी गेली, असं दर्शनाला वाटलं. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांनी हात पुढे करून पेपर मागितला, बराच वेळ त्यात बघितलं आणि परत तिच्याकडे दिला.

“वाच,” ते म्हणाले. “मला अक्षर लागत नाहीये.”

तिनं वाचलं. अकराही नोंदी, तारखांसकट, कुठेही न थांबता. तोंडी वाचल्यावर ते फारच सरळ होतं. एका गोळीनं पाय सुजवले, सुजेवर दुसरी दिली, दुसरीनं चक्कर आणली, चक्करेवर तिसरी दिली, तिसरीनं झोप आणली, आणि त्या गुंगीत काकी पडल्या. पहिली नोंद सोडली तर दर वेळी बी.पी.पुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘छान’.

“बसवून मोजलं मी,” डॉक्टर म्हणाले. “उभं करून एकदाही नाही.” मग जरा वेळानं, “तू एकदा चुकलीस, दर्शना. मी दहा वेळा. बाई समोर बसून सांगत होती मला. आणि आणखी काय घेता, हे मी एकदाही विचारलं नाही.”

पंखा खरखरत होता.

“चला,” डॉक्टर उठले. “फोनवर नको.”

भटवाडीचा चढ डॉक्टरांनी गेल्या कित्येक वर्षांत पायी चढला नव्हता. दोनदा थांबून त्यांनी भिंतीला हात लावला आणि दोन्ही वेळा हवेला दोष दिला. प्रांजलला त्यांनी दवाखान्यात बसवलं होतं. “तुझ्या अभ्यासात हे येत नाही,” ते म्हणाले होते. वाटेत ते पुटपुटत होते. दर्शनानं कान दिला. ‘काकी, माझ्याकडून एक...’ ‘काकी, काही कारणांमुळे...’ इतके शब्द त्यांनी वाया घालवले की वर पोचेपर्यंत एकही उरला नाही.

द्रौपदीकाकी प्लास्टर मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या. दोघांना एकत्र चढताना बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला. “तुमी दोघां एकदम? कोण गेलो काय?”

“कोणी नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही जाता जाता राहिलात.”

हे पाठ केलेलं वाक्य नक्कीच नव्हतं. पण निघालं ते निघालं. सुशांतची दुपारची सुट्टी होती, तो आतून बाहेर आला. काकींनी त्याला गोळ्यांचा डबा आणायला सांगितला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डॉक्टरांनी तो खाटेवर उपडा केला आणि गुलाबी पाकीट दर्शनालाच पहिलं दिसलं. डॉक्टरांनी ते उचललं, आणि सांगितलं. गोळीचं सांगितलं, सुजेचं सांगितलं, चक्करेचं सांगितलं. “आम्ही चुकलो,” म्हणाले. “मी चुकलो.”

“खिडकीत तुम्ही मला विचारलं होतं, काकी,” दर्शना म्हणाली. “मी न बघता सांगितलं.”

काकींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “म्हणजे पाच म्हयने मी भितीक धरून चलतंय, ता तुमच्या गोळयेन?”

“हो.”

“आणि गावाक जत्रेक गेलंय नाय, ता?”

“तेही.”

“मगे माका झालेला तरी काय?”

“थोडं बी.पी.,” डॉक्टर म्हणाले. “पाचची एक गोळी. बस.”

काकींना हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. सुशांतनं मात्र काहीच केलं नाही. तो भिंतीला टेकून उभा होता.

“आईचा हात मोडला, डॉक्टर. सॉरी म्हणून जुळतो?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

“पुढं मी तिला तुमच्याकडं पाठवणार नाय.”

“गप रव रे,” काकी म्हणाल्या. “हात माझो मोडलो, तुझो नाय.”

“नाही, बरोबर बोलतोय तो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी काकींचं बी.पी. बसवून घेतलं, उभं करून घेतलं आणि आकडा सुशांतला दाखवला. उभ्यानं तो धाडकन खाली आला होता. कुठली गोळी चालू, कुठल्या बंद, ते त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. इतकं सुवाच्य अक्षर दर्शनानं त्यांच्या हातून प्रथमच बघितलं. “दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या, पण उद्याच न्या. मी त्यांच्याशी बोलेन.”

निघताना काकींनी अडवलं. “चाय घेतल्याशिवाय जावचा नाय. सुशांत, ठेव रे. आणि साखर एकदाच घाल हां, दोन डब्यांतली नको.”

सुशांतनं चहा ठेवला. कपही त्यानंच दिले आणि आत निघून गेला. दर्शनानं निघण्याआधी कप विसळून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सुशांत दवाखान्यात आला. नव्या डॉक्टरांना सगळी माहिती हवी होती. दर्शनानं कोरा कागद घेऊन अकरा नोंदी स्वच्छ उतरवल्या. पहिल्या नोंदीच्या खाली तिनं लिहिलं, ‘शिबिरातल्या गोळीबद्दल पेशंटनं खिडकीत विचारलं. दोन्ही घ्या, असं मी सांगितलं. दर्शना हिवराळे.’ डॉक्टरांनी वाचलं, पेन काढलं, आणि शेवटी लिहिलं, ‘मी विचारलंच नाही.’ त्याखाली सही. या वेळी पूर्ण वाचून.

सुशांतनं कागद घेतला, घडी घातली आणि गेला. परत आला नाही. काकीही आल्या नाहीत. त्यांची सूज आठवड्यात उतरली, चक्कर थांबली, असं साईकृपातल्या वरच्या जयंतीनं सांगितलं. मनगट मात्र थोडं वाकडंच जुळलं. भाकरी थापताना दुखतं म्हणे.

प्रांजलचं काम महिनाभरात संपलं. तीनशे पेपरांत तिला सतरा घटना सापडल्या. डॉक्टरांनी आकडा ऐकून तोंड वाकडं केलं आणि मग विचारलं, “बाकीच्या दवाखान्यांत किती निघाल्या?”

“बाकीच्यांनी परवानगीच दिली नाही, सर.”

“कोणीच नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी पहिला,” डॉक्टर म्हणाले, आणि बुशकोटाची बटणं पुन्हा एकदा ताणली गेली.

पण त्यांनी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली ती आपल्याच मनानं. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, कोणीही दिलेली असोत. पहिल्या आठवड्यात बाकावर माणसांपेक्षा पिशव्याच जास्त बसल्या होत्या. पिशव्यांतून काय काय निघालं! एका आजोबांनी कुत्र्याच्या गोळ्या आणल्या. कुत्रा मेला होता, गोळ्या चांगल्या होत्या, फेकायच्या कशाला म्हणून ते गुडघ्यासाठी घेत होते. शुक्रवारी दुपारी शटर अर्धं ओढून डॉक्टर आणि दर्शना आठवड्यातलं काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं, ते बोलू लागले. पहिल्या शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, “माझं काही नाही.” दर्शनानं तीन गोष्टी काढल्या. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच एक सांगितली, जेवणाचा डबा उघडता उघडता, घाईघाईनं.

खिडकीत दर्शनाचा वेग कमी झाला. आता कोणी पाकीट सरकवलं की ती फोन वाजू देते, चष्मा लावते, बारीक अक्षरातलं नाव बोट ठेवून वाचते. समजलं नाही तर आत जाऊन विचारते. रांग ओरडते. “काय दर्शनाताई, आज लायब्ररी उघडलीय काय?” हर्षद परवा म्हणाला.

“हो,” दर्शना म्हणाली. “गप उभा राहा.”